घामाचा हिशोब

मार्च संपत आला की आमच्या फार्मवरचं सगळं कामकाज पहाटेकडे सरकतं. फुलंब्रीच्या शिवारात मका, कापूस निघून रानं मोकळी झालेली असतात आणि नांगरटीच्या ढेकळांवरून येणारा वारा दहा-साडेदहालाच गरम लागायला लागतो. खरारा, फिरवणं, लीद उचलणं, नालबंदाचं काम हे सगळं ऊन चढायच्या आत उरकायचं. अकरानंतर घोड्याच्या पाठीवर काही ठेवायचं नाही. संध्याकाळी सहानंतर पुन्हा हालचाल. मधला वेळ सावली, पाणी आणि स्वस्थपणा.

सांगायला हे सोपं आहे. पण आमच्याकडच्या बहुतेक घोड्या नवरदेवाच्या, आणि लग्नसराई ऐन एप्रिल-मेमधली. दुपारचा मुहूर्त, त्याआधी परण्या निघणार, नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जाणार. घोडीला ज्या वेळी सावलीत उभं राहायला हवं, नेमक्या त्याच वेळी तिला सगळ्यात जास्त मागणी असते. मी इथे घोड्यांचं काम बघायला लागलो तेव्हापासून उन्हाळ्याची सगळी ओढाताण याच गोष्टीभोवती आहे.

आमचं ठिकाण संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, खुलताबादच्या बाजूला. पठाराचा मुलूख. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जाणं नेहमीचंच. पण हवा कोरडी आणि रात्र उतरली की अंगणात झोपता येईल इतका गारवा. गिरिजेच्या पात्रात तोवर वाळू आणि डबकीच उरलेली असतात. बाहेरून येणारे लोक विचारतात, एवढ्या उन्हात घोडा टिकतो कसा? टिकतो. घोडा उन्हाचा दुबळा नाही. माणसासारखा भरभरून घाम गाळून अंग थंड ठेवणारी जनावरं फार थोडी आहेत, त्यांत घोडा आहे. म्हैस चिखलात बसते, कुत्रं जीभ काढून धापा टाकतं. घोडा घामावर भागवतो. त्याच्या घामात एक प्रकारचं प्रथिन असतं, त्यामुळे तो केसांतून पसरतो आणि जिनाखाली, मांड्यांमध्ये घासला गेला की पांढरा फेस होतो. तो फेस बघून पाहुणे घाबरतात. फेसाची भीती नाही. घाम यायचा थांबला तर मात्र मी घाबरतो.

अडचण घोड्याच्या आकारात आहे. चालताना, पळताना स्नायूंत जी ऊर्जा खर्च होते, तिचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा हालचालीच्या कामी येतो. बाकीची उष्णता होऊन अंगात साठते. ती बाहेर पडणार कातडीतूनच. साडेचारशे किलोच्या घोड्याचं वजन माणसाच्या सहा-सातपट, पण कातडी मात्र तिपटीपेक्षा फार जास्त नाही. म्हणून घोडा आपल्यापेक्षा कितीतरी लवकर तापतो आणि निवायला जास्त वेळ घेतो. उन्हात जोराचं काम पडलं तर तासाभरात दहा-पंधरा लिटर घाम जाऊ शकतो. त्यासोबत मीठही जातं, आणि तेही भरपूर, कारण घोड्याचा घाम आपल्या घामापेक्षा खारट असतो.

या मिठाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं असतं, आणि ऐकणारे सगळ्यात कमी असतात. आपल्या अंगातून पाणी जास्त आणि मीठ कमी जातं, म्हणून रक्त खारट होतं आणि तहान लागते. घोड्याच्या अंगातून दोन्ही बरोबरीनं जातात. रक्ताचा खारटपणा फारसा वाढत नाही, त्यामुळे तहानेची खूण मेंदूपर्यंत नीट पोचतच नाही. वरातीहून आलेली घोडी हौदाजवळ नेली, तिनं दोन घोट घेतले आणि मान फिरवली, की मालक म्हणतो, तहान नाहीये तिला. तहान नाही असं नसतं. अंगात पाण्याचा खड्डा पडलेला असतो आणि तिला तो कळलेला नसतो. म्हणून आमच्याकडे चंदीत रोज दोन चमचे, म्हणजे तीसेक ग्रॅम मीठ असतं. घाम जास्त गेला त्या दिवशी त्याहून जास्त. गव्हाणीशी सैंधवाचा खडा टांगलेला असतो, पण नुसत्या खड्यावर मी विसंबत नाही. काही घोड्या तो दिवसभर चाटतात, काही ढुंकून बघत नाहीत. कामावरून आलेल्या घोडीला एका बादलीत साधं पाणी आणि दुसरीत मीठ-गुळाचं पाणी ठेवायचं. खारट पाण्याची बादली एकटी कधीच ठेवायची नाही. साधं पाणी शेजारी हवंच.

पाणी किती लागतं, हे मराठवाड्यात विचारायला नको इतकं दुखरं आहे. थंडीत पंचवीस-तीस लिटरांवर भागणारी घोडी मे महिन्यात पन्नास-साठ लिटर सहज पिते, दूध पाजणारी असली तर आणखी. २०१६ आणि २०१९ च्या टंचाईत या भागात लोकांनी टँकरची वाट बघत दिवस काढले. वस्तीवर हंड्यांची रांग असताना घोडीच्या अंगावर बादल्या ओतायला हात धजत नाही, आणि धजू नयेच. तेव्हापासून घोड्या धुण्याची फरशी आम्ही लसूणघासाच्या वाफ्याच्या वरच्या अंगाला केली आहे. अंगावरून उतरलेलं पाणी चरातून थेट घासाला जातं. साबण वापरत नाही, त्यामुळे घासाला त्याचा त्रास नाही. उन्हाळ्यात हिरवं म्हणून जे काही घोड्यांच्या तोंडात पडतं, ते या वाफ्यातलंच.

कोरड्या वैरणीवर उन्हाळा काढणं घोड्याला जड जातं. त्याचं पोट गाईसारखं चार कप्प्यांचं नाही. जठर लहान, आतडं लांबलचक आणि वळणावळणाचं, आणि घोड्याला ओकता येत नाही. कडब्याची कुट्टी पोटात गेली आणि पाणी कमी पडलं, की मोठ्या आतड्यात गोळा बसतो. घोडी पाय आपटते, कुशीकडे वळून बघते, लोळते. हा पोटशूळ म्हणजे आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी भीती. डॉक्टर पोचेपर्यंतचा वेळ फार वाईट जातो. उन्हाळ्यात त्याचं कारण बहुतेक वेळा पाण्यातच सापडतं. म्हणून मेमध्ये हरभरा भिजवलेला, गव्हाचा कोंडा पाण्यात कालवलेला आणि कुट्टीसुद्धा शिंपडून ओली केलेली. वैरणीचा मोठा वाटा रात्री घालतो, कारण चारा पचतानाही अंगात उष्णता तयार होते आणि रात्री ती सोसते.

दोन गोष्टींत मी कुणाचं ऐकत नाही. पाण्याच्या ताणावर वाढलेली कोवळी ज्वारी दावणीत येऊ द्यायची नाही. तिनं किराळ लागते हे आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला बैलांवरून ठाऊक आहे. आणि बुरशी धरलेला मका, कितीही स्वस्त मिळो, घोड्याला घालायचा नाही. आमचा तालुका मक्याचा, उन्हाळ्यात भिजकं, काळं पडलेलं धान्य पडत्या भावानं येतं. गाई-म्हशी ते बऱ्यापैकी पचवतात. घोड्याच्या मात्र त्या बुरशीच्या विषानं मेंदूचा भाग सडतो आणि त्यावर औषध नाही.

तबेल्याचं छत पत्र्याचं. दुपारी पत्र्याखाली उभं राहिलं की डोक्यावर निखारे धरल्यासारखं वाटतं. आम्ही पत्र्याला वरून चुना मारतो आणि त्यावर तुराट्या, पऱ्हाट्या आणि उसाचं पाचट अंथरतो. आतलं तापमान जाणवण्याइतकं उतरतं. पण मे महिन्यात डोक्यावर वाळलेलं पाचट घेऊन राहणं म्हणजे आगीला आमंत्रण. या बाबतीत मला शिवाजी महाराजांचं एक पत्र नेहमी आठवतं. चिपळूणजवळ घोडदळाचा मुक्काम होता, पावसाळा तोंडावर आला होता, तेव्हा तिथल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना ते लिहिलेलं आहे. दाणा-वैरण आत्ताच बेहिशोबी उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमच्या माथी येईल, असं त्यात खडसावलं आहे. उपाशी शिपाई रयतेच्या घरात शिरतील, अशीही चिंता आहे. आणि मग आगीचा विषय येतो. कुणी वैरणीजवळ चूल पेटवील, कुणी चिलीम ओढील, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजीसह पागा जळेल. राज्य उभं करणाऱ्या माणसाला उंदरानं ओढून नेलेल्या वातीचीही काळजी होती, याचं मला फार अप्रूप वाटतं. आमच्याकडे आता दिवा नाही, पण विजेच्या उघड्या तारा आहेत, बिड्या आहेत, मोबाइलचे चार्जर आहेत. छपराखाली बिडी नाही, हा नियम मोठ्या पाहुण्यालाही लागू. पाण्याचं एक पिंप फक्त आगीसाठी भरलेलं असतं. त्यातला तांब्याभरही दुसऱ्या कामाला घ्यायचा नाही.

आमच्या इथे सईस म्हणून जे चाचा आहेत, त्यांची हयात घोड्यांत गेली. नुकऱ्या घोडीच्या नाकाचं कातडं गुलाबी असतं, ते उन्हात भाजून सोलवटतं. चाचा तिथे पहाटेच झिंक ऑक्साइडचा मलम लावून मोकळे झालेले असतात. लग्नाला पांढरीशुभ्र घोडीच हवी हा लोकांचा हट्ट, आणि नेमक्या त्या रंगालाच ऊन सगळ्यात जास्त लागतं. डोळ्यांवर माशा बसू नयेत म्हणून दोऱ्यांची झालर, तंगाखाली घामोळं येऊ नये म्हणून सुती पट्टी, हे सगळं त्यांचं. एका बाबतीत मात्र आमचं जुळत नसे. ते म्हणायचे, “बाबा, गरम घोड्यावर थंड पानी टाकायचं नाय, जखडतो. आधी फिरवा, घाम सुकवा, मग पानी.” जुन्या पठडीतले सगळेच असं सांगतात, आणि त्यांच्या वडिलांनीही तेच सांगितलेलं असतं.

मी त्यांना अटलांटाची गोष्ट सांगितली. १९९६ चं ऑलिम्पिक अमेरिकेतल्या त्या गावी, दमट आणि उकाड्याच्या जुलैत होतं. चार वर्षं आधी बार्सिलोनात घोड्यांना उन्हाचा त्रास झालेला होता, म्हणून घोड्यांना तिथे न्यावं की नाही इथून वाद सुरू झाला. मग शास्त्रज्ञांनी तापलेल्या घोड्यांवर बर्फाळ पाणी ओतून तपासलं. स्नायू जखडले नाहीत. अंगाची उष्णता मात्र भराभर उतरली. अटलांटात शर्यतीचं अंतर कमी केलं, मधे विश्रांती वाढवली, तुषार उडवणारे पंखे लावले आणि घोड्यांना बर्फाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते त्यांचे घोडे.” मी वाद घातला नाही. पुढच्या लग्नाहून आलेल्या घोडीचं तापमान त्यांच्याच हातानं थर्मामीटर लावून घेतलं, पाणी ओतलं, पुन्हा घेतलं. निरोगी घोड्याचं विश्रांतीतलं तापमान साधारण साडेसदतीस-अडतीस अंश सेल्सियस. चाचांना आकडा वाचायला चष्मा लागतो, पण तो उतरताना त्यांनी स्वतः पाहिला. आता बादली तेच मागतात.

त्यांच्याकडून मी जे शिकलो ते कुठल्या पुस्तकात मला मिळालं नसतं. घोडीची हिरडी बोटानं दाबून सोडायची. दोन सेकंदांत गुलाबी रंग परत आला पाहिजे. मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडायची. लगेच बसली तर ठीक, उभी राहिली तर पाणी कमी आहे. लीद हातात घेऊन बघायची. कोरडी, लहान, कडक गोळ्यांची दिसली की त्याच दिवशी सावध व्हायचं. आणि कान. कानाचं मूळ धरून चाचा घोडीचा ताप असा सांगतात की थर्मामीटर नंतर फारसा वेगळं बोलत नाही.

धनगरांचे वाडे उन्हाळ्यात आमच्या बाजूनं जातात. त्यांच्या तट्टांवर संसार लादलेला असतो, भांडी, कोकरं, जाळी. ही भीमथडी जातीची बुटकी, काटक घोडी. भीमेच्या खोऱ्यातली, एके काळी मराठ्यांच्या फौजांचं बळ असलेली. अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून तिची देशपातळीवर नोंद झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांच्यातली एक आमच्याकडेही आहे. मेच्या दुपारी नुकऱ्या घोड्या नाकपुड्या फुगवून उभ्या असतात, तेव्हा ती निवांत रवंथ करणाऱ्या गाईसारखी डोळे मिटून असते. लहान अंग लवकर निवतं, हे खरंच. पण धनगर तिला वागवतात कसं, हेही मी पाहत आलो आहे. झुंजूमुंजूला निघायचं, ऊन तापलं की लिंबाखाली ओझी उतरवायची, पाठ मोकळी करायची, ऊन कललं की पुन्हा वाट धरायची. भर बाराला तट्टू लादून चालणारा धनगर मी पाहिलेला नाही. सारंगखेड्याच्या यात्रेतून ऐटबाज मारवाडी घोडी आणणाऱ्यांनी तिची वंशावळ विचारतात तशी ही रीतही विचारून घ्यावी.

बेचाळीस अंशांच्या कोरड्या दिवसाला मी तेवढा भीत नाही. मला धास्ती वाटते जूनच्या पहिल्या आठवड्याची. आभाळ भरून येतं, पारा सदतीस-अडतीसवर उतरतो, लोक म्हणतात ऊन कमी झालं, आता दुपारची वरात काढायला हरकत नाही. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो अंगावर वाळावा लागतो. वाळताना तो उष्णता घेऊन जातो. मेच्या कोरड्या वाऱ्यात घाम इतक्या लवकर उडतो की घोडी ओली दिसतच नाही, केसांवर मिठाची पांढरी पूड तेवढी राहते. जूनच्या दमट हवेत तोच घाम पोटाखालून टपटप गळतो आणि अंग तसंच तापत राहतं. गळलेला घाम वाया जातो. पाणी गेलं, मीठ गेलं, गारवा मिळालाच नाही. मेमध्ये तबेला गार करणारे कूलर जूनमध्ये नुसती ओल वाढवतात. तेव्हा ते बंद करून साधे पंखे लावायचे आणि चारी बाजूंनी हवा खेळू द्यायची. पाठीवर टाकलेलं ओलं बारदान मेमध्ये उपकार करतं, जूनमध्ये तेच गोधडी होऊन बसतं.

अशाच एका जूनच्या लग्नात घोडी घेऊन मी स्वतः गेलो होतो. ढगाळ दुपार, पान हलत नव्हतं, पुढे डीजे, मागे पोरांचा घोळका, आणि मिरवणूक तासभर एका चौकातून दुसऱ्या चौकात गेली नव्हती. घोडी उभी होती, म्हणजे काम करत नव्हती असं बघणाऱ्यांना वाटत होतं. पाठीवर माणूस, अंगावर मखमलीची झूल, खाली तापलेलं डांबर आणि कानाशी तो आवाज, हे उभं राहणंसुद्धा कामच आहे. तिच्या कुशीची धाप मी घड्याळ लावून मोजली. विश्रांतीत मिनिटाला आठ ते सोळा श्वास असतात. तिचे शंभराच्या पुढे गेले होते. आणि मान कोरडी पडायला लागली होती.

मी लगाम धरून तिला बाजूला घेतलं आणि नवरदेवाला उतरायला सांगितलं. तिथे काय काय बोललं गेलं ते लिहीत नाही. मंगल कार्यात अडथळा आणणाऱ्याला लोक बोलणारच. झूल, जीन सगळं काढलं, थर्मामीटरनं साडेचाळीसच्या वर आकडा दाखवला. शेजारच्या घरातल्या बायकांनी काही न विचारता आपल्या टाकीचं पाणी दिलं. मान, छाती, मांड्यांच्या आतल्या बाजू, जिथे शिरा कातडीजवळ असतात, तिथे बादलीमागून बादली ओतत राहिलो. थांबायचं नाही, पुसायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांत धाप बसायला लागली. मग तिनं स्वतःहून बादलीत तोंड घातलं. नवरदेव चालत मारुतीला गेला. नंतर तो एकटाच घोडीजवळ आला, तिच्या कपाळावर हात ठेवून उभा राहिला आणि मला म्हणाला, “भाऊ, आधी सांगायचं ना, मी बसलोच नसतो.”

त्याचं ते बोलणं मी मनावर घेतलं. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. जिथे तापमान सदतीस अंशांच्या वर जातं तिथे दुपारी बारा ते तीन त्यांना कामाला लावायचं नाही, असं त्यांत स्पष्ट आहे. लग्नाची घोडी गाडीला जुंपलेली नसते, पण अंग तर तेच. आता सुपारी घ्यायला माणूस आला की इसार हातात घेण्याआधीच मी सांगतो. एप्रिल ते जून, बारा ते चार घोडी मिळणार नाही. सकाळी नऊच्या आत परण्या काढा, नाही तर संध्याकाळी सहानंतर वरात काढा. एका जागी दहा मिनिटांच्या वर उभं करायचं नाही, झूल सुती असेल, सोबत आमचा माणूस, दोन कॅन पाणी आणि थर्मामीटर असेल, आणि त्यानं थांबा म्हटलं की थांबायचं. हे सगळं वहीत लिहून सही घेतो. काही जण उठून जातात. रस्त्यावर पुढे दुसरे घोडेवाले आहेत आणि ते दुपारी देतात. पण सकाळच्या परण्याला तयार होणारी घरंही दरवर्षी वाढताहेत. यंदा एका आजीनं मुलाला तिथेच सुनावलं की त्यांच्या लहानपणी वराती रात्रीच निघायच्या, दुपारी कुणी घोडं बाहेर काढत नसे. त्या मुलानं मग संध्याकाळची वेळ लिहून दिली आणि पाण्याच्या कॅनचे पैसे वेगळे देऊ का, असं विचारलं. पैसे घेतले नाहीत. टँकर आला की मांडवामागे एक पिंप भरून ठेवा, एवढंच सांगितलं.